या चुका टाळा: हिस्पॅनिक मुलांसाठीचा मेंटरिंग उपक्रम वाढवताना

अमेरिकेतल्या २०२०च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले, म्हणून नोंदवलं. मुलांमध्ये हे प्रमाण साधारण चारात एक आहे. त्यामुळे जवळपास प्रत्येक शहरातल्या मेंटरिंग संस्थेच्या, म्हणजे मुलाला एका मोठ्या माणसाची (मेंटरची) नियमित सोबत मिळवून देणाऱ्या संस्थेच्या, बैठकीत एक ठराव होतो: यंदा उपक्रमातली हिस्पॅनिक मुलं वाढवायची, हिस्पॅनिक स्वयंसेवकही वाढवायचे. ठराव चांगलाच आहे, पण पुढे उपक्रम अडतो तो बहुतेक वेळा ठरलेल्या जागांवरच.

भरती आधी, माणूस नंतर

पहिली धाव स्वयंसेवक गोळा करण्याकडे जाते. चर्चमध्ये टेबल लागतं, ऑफिसांतून नावं येतात, आणि महिन्याभरात ६० अर्ज पडून राहतात, कारण मुलांच्या आयांशी स्पॅनिशमध्ये बोलणारं कोणी नसतं. क्रम उलटा हवा. आधी स्पॅनिश नीट बोलणारा पगारी समन्वयक, मग कुटुंबं, मग स्वयंसेवक.

एका समन्वयकाकडे किती जोड्या (एक मेंटर आणि एक मूल) द्यायच्या, हे आधी कागदावर मांडा. मेंटरिंगसाठी अमेरिकेत सर्वमान्य असलेल्या निकषांच्या चौथ्या आवृत्तीनुसार (२०१५) जोडी लागल्यावर पहिल्या महिन्यात दोनदा आणि नंतर दरमहा एकदा मेंटरशी, मुलाशी आणि घरच्या मोठ्या माणसाशी बोलायचं असतं. ४० जोड्या म्हणजे महिन्याला १२० संपर्क. एकाला १५ मिनिटं धरली तर ३० तास झाले. याच ४० जोड्या सप्टेंबरात एकदम लावल्या, तर त्या महिन्यात २४० संपर्क, म्हणजे ६० तास लागतात. मुलाखती आणि घरभेटी याच्या वर. मग फोन राहून जातात, आणि फोन राहिले की जोड्या तुटतात. म्हणून दर आठवड्याला चार-पाच जोड्याच लावा.

तुटलेली जोडी ही नुसती वाया गेलेली मेहनत नसते. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांच्या २००२च्या अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला होता. घाईने लावलेली जोडी मुलाचं नुकसान करते, हे समितीतल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगायला हवं.

पत्रकातला एक शब्द

इंग्रजी पत्रक मशीनमधून स्पॅनिशमध्ये काढलं की हमखास फसतं. मेंटरसाठी ‘तुतोर’ हा शब्द येतो. शाळेच्या फॉर्मवर सहीच्या रेघेखाली तोच शब्द कायदेशीर पालक या अर्थाने छापलेला असतो: ‘पाद्रे, माद्रे ओ तुतोर’, म्हणजे वडील, आई किंवा पालक. ‘तुमच्या मुलाला आम्ही तुतोर देऊ’ हे वाचून आईच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. ‘मेंतोर’ लिहा आणि खाली एका वाक्यात काम सांगा: आठवड्यातून एकदा येणारा, तपासणी झालेला, मुलाचा मोठा मित्र. ‘धोक्यातली मुलं’ हे शब्द तर पत्रकावर नकोतच. ते अनुदानाच्या अर्जात चालतात, पण कोणतीही आई आपल्या लेकराला त्या रांगेत उभं करणार नाही.

आई विचारेल की मेंटर ‘ब्येन एदुकादो’ आहे का. याचं उत्तर पदवी सांगून देऊ नका. त्या शब्दात आपल्याकडच्या ‘चांगल्या संस्कारांचा’ अर्थ आहे: मोठ्यांशी कसा बोलतो, घरात आल्यावर आधी आजीला नमस्कार करतो का.

आडनावांचा घोळ

ही चूक लहान दिसते, पण सगळ्यात जास्त फायली हीच बिघडवते. समजा मुलीचं नाव मारिया लोपेस रामिरेस आहे. यातलं लोपेस वडिलांकडून आलंय, रामिरेस आईकडून. इंग्रजी फॉर्म शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलतो, म्हणून संस्थेत ती ‘रामिरेस’ होते, शाळेत ‘लोपेस’ असते आणि तिसरीकडे ‘लोपेस-रामिरेस’. एकाच मुलीच्या तीन नोंदी झाल्या. शिवाय मेक्सिकोत लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, म्हणून आईचं पहिलं आडनाव रामिरेसच राहतं. ते मुलीच्या शाळेतल्या नावाशी जुळत नाही, आणि नवखा कर्मचारी ‘ही पालक आहे याचा पुरावा आणा’ म्हणतो. ती आई परत येत नाही.

यावर उपाय फुकट आहे. फॉर्मवर ‘वडिलांकडचं आडनाव’ आणि ‘आईकडचं आडनाव’ असे दोन चौकोन करा आणि जन्मतारखेवरून नोंदी ताडून बघा. स्वयंसेवकांचं बॅकग्राउंड चेकही (पूर्वीच्या गुन्ह्यांची तपासणी) दोन्ही आडनावांनी आणि त्यांच्या जोडनावाने करा. एकाच नावाने शोधलं तर तपास अर्धाच होतो.

नको ते प्रश्न

अनेक घरांत मुलं अमेरिकन नागरिक असतात, पण आईवडिलांपैकी कोणाकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसतात. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर, नोकरीचा पत्ता, जन्मदेश असे रकाने असले की अर्ज अर्धवट परत येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. शाळेला जे लागत नाही ते तुम्हाला कशाला हवं? अनुदानासाठी उत्पन्नाचा आकडा लागत असेल तर तो का लागतो आणि कोण बघणार, हे तिथल्या तिथे तोंडी सांगा.

स्वयंसेवकांच्या तपासणीत मात्र सूट देऊ नका. कॅलिफोर्नियात २०२२पासून मुलांसोबत महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त वेळ घालवणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाची तपासणी आणि बालशोषणाची खबर देण्याचं प्रशिक्षण कायद्यानेच लागतं. हे आईलाही सांगा, तिला धीर येतो.

जोडी आवडीची, वंशाची नव्हे

हिस्पॅनिक मुलाला हिस्पॅनिक मेंटर मिळेपर्यंत थांबवून ठेवणं हीसुद्धा चूकच. मुलग्यांची रांग आधीच लांब असते, कारण पुरुष स्वयंसेवक कमी येतात. आधी आवडी आणि अंतर जुळवा: फुटबॉल, चित्रकला, २० मिनिटांत पोचता येईल असं घर. मूल बहुधा इंग्रजी बोलतं, स्पॅनिश लागते ती घरच्यांशी. ते काम समन्वयकाचं आहे. मुलाला दुभाषी करू नका, कारण स्वतःबद्दलची तक्रार कोणतंही मूल शब्दशः सांगत नाही. आणि ग्वातेमालाहून आलेल्या काही घरांत स्पॅनिशही दुसरी भाषा असते, पहिली माम किंवा किचे. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा.

ह्यूस्टन, डॅलस, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी मंडळींनी मागे राहू नये. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ हा भेद आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच आहे. आजीला ‘उस्तेद’ म्हणायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. जोडी लागण्याआधीच्या किमान दोन तासांच्या प्रशिक्षणात आदराने बोलायची अशी वीसेक स्पॅनिश वाक्यं घोकून घ्या.

निरोप

मेंटरची बदली झाली की तो मेसेज टाकून मोकळा होतो आणि मूल शुक्रवारी दारात वाट बघत बसतं. किमान चार आठवडे आधी कळवायचं, हे करारात लिहून घ्या. आधी समन्वयकाने आईला स्पॅनिशमध्ये सांगायचं, मग मेंटरने मुलाला समोरासमोर. शेवटच्या भेटीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मुलाच्याच हाताने लिहून घ्या, आणि दुसरा मेंटर नक्की झालेला नसेल तर ‘लवकरच देऊ’ असं म्हणू नका.