घरच्या माणसाची स्मरणपुस्तिका कशी करावी

माझे काका मुंबईत आयुष्यभर कर्ज आणि गुंतवणुकीच्या कामात होते. निवृत्तीनंतर नाशिकला गंगापूर रोडला राहायला आले, पण पावसाळा सरला की शनिवारी सकाळची पंचवटी पकडून मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायला जायचे. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी छोटी पुस्तिका केली. तुमच्या घरी असं काही करायचं असेल, तर हे उपयोगी पडेल.

जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात परिवार हे एका परिच्छेदात आटपा. ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’ हे शब्द पेपरातल्या निधनवार्तेला ठेवा.

रामकुंडावर दशक्रियेला आलेली माणसं पुन्हा एकत्र भेटत नाहीत. घरातल्या एखाद्या भाच्याकडे वही द्या, त्याला नावं आणि फोन नंबर उतरवून घेऊ द्या. प्रश्न तिथे विचारू नका. महिन्याभराने सवडीने घरी जा.

“काका कसे होते?” असं विचारलं की “देवमाणूस!” एवढंच हाती लागतं. “काका तुम्हाला कधी नाही म्हणाले होते का?” असं विचारा. पैशाच्या कामातला माणूस नकारात कळतो. अंबड एमआयडीसीतले एक वर्कशॉपवाले सीएनसी मशीनच्या कर्जाबद्दल सल्ला घ्यायला आले होते. काकांनी प्रोजेक्ट रिपोर्ट बाजूला सारला आणि उधारीची वही मागितली. कोणाकडे किती दिवस पैसे अडकलेत ते पेन्सिलीने लिहून काढलं आणि म्हणाले, “एवढं वसूल करा, मग निम्मंच कर्ज लागेल. आज मी हो म्हणणार नाही.” गृहस्थ चहा न घेता उठून गेले होते. तो रागसुद्धा मी त्यांना विचारून लिहिला. मात्र खाते क्रमांक, कर्जाचे आकडे, कोणाची थकबाकी यातलं काही छापू नका. काकांनी जन्मभर पोटात ठेवलेलं आपण उघड करायचं नाही.

देशात काय काय घडलं तेही सगळं नको. १९६९चं बँक राष्ट्रीयीकरण, १९९१चे आर्थिक बदल, १९९६मध्ये सुरू झालेलं डिमॅट, म्हणजे कागदी सर्टिफिकेटऐवजी संगणकावर नोंदलेले शेअर: यातलं ज्याने त्यांचं टेबल बदललं, तेवढंच घ्या. सही जुळली नाही म्हणून परत येणारे शेअर सर्टिफिकेटचे गठ्ठे नातवंडांना सांगितल्याशिवाय कळणार नाहीत.

बोटीचं जरा सविस्तर लिहा, कारण नाशिककराला बोट म्हटलं की गंगापूर धरणावरची इंजिनाची बोट आठवते. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी पुढे सरकते. दर वळणाला शिडाखालचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला जातो, तेव्हा मान खाली घालून चटकन बोटीच्या दुसऱ्या काठावर बसावं लागतं. काकांच्या बोटीवरच्या जोडीदाराने हे मला दिवाणखान्यात खुर्चीवर बसून करून दाखवलं: एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात दोरी, नजर शिडाच्या कडेवर. “कड फडफडली की ते ओरडायचे नाहीत. दोरी वीतभर ओढायचे, बस.” हे वाक्य मी जसंच्या तसं छापलं. अशी वाक्यं सुधारायला जाऊ नका.

सागरी आठवणी पंचांगाशी ताडून बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. उरणच्या बाजूला बोट चिखलात रुतली आणि पाणी भरेपर्यंत सगळे काकांकडून चक्रवाढ व्याज शिकत बसले, असा किस्सा दोघांनी सांगितला. मला तो रंगवलेला वाटला होता. फोटोच्या मागे तारीख सापडली, जुनं पंचांग काढलं, तर अमावस्येचा दुसरा दिवस! किस्सा तारखेसकट घेतला.

छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा मजकूर फोनवर वाचून दाखवा आणि होकार घ्या. अक्षर चौदा पॉइंटपेक्षा बारीक नको, कारण काकांच्या बरोबरीचे बहुतेक वाचक सत्तरीच्या पुढचे आहेत.