जुना वादग्रस्त निर्णय तपासायचा कसा

मी क्लब क्रिकेटमध्ये अंपायरिंग करतो, त्यामुळे बेसबॉलच्या जुन्या भानगडी वाचतानाही आधी अंपायर किती होते ते बघतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. उदाहरण म्हणून १९०८ चं मर्कल प्रकरण घेऊ. त्या काळी बऱ्याच व्यावसायिक सामन्यांना एकच अंपायर असे. त्या बिचाऱ्यानं चेंडू बघायचा की मागच्या बेसवरचा, म्हणजे धावताना शिवायच्या टप्प्यावरचा, पाय?

मग नियम काढा. २३ सप्टेंबर १९०८, न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स. नववा म्हणजे शेवटचा डाव, १-१ बरोबरी, दोन गडी बाद. पहिल्या बेसवर जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल, तिसऱ्यावर मूज मॅककॉर्मिक. त्यांच्याच अल ब्रिडवेलनं फटका मारला, मॅककॉर्मिक होम प्लेटवर, म्हणजे जिथे धाव पुरी होते तिथे, पोचला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसकडे वळला. पण ब्रिडवेल पहिल्या बेसकडे धावला म्हणजे मर्कलला दुसरा गाठणं भाग होतं. त्याआधी चेंडू घेऊन कुणी तिथे पाय ठेवला तर मर्कल बाद, आणि तिसरा गडी असा गेला की आलेली धावही रद्द. कब्सच्या जॉनी एव्हर्सनं चेंडू मागवून नेमकं तेच केलं. चेंडू तोच होता का, यावर मात्र आजतागायत भांडण आहे. म्हणून दोन्ही शहरांचे पेपर वाचा, एकावर विसंबू नका.

कुणी काय पाहिलं, तेही लिहून काढा. इथे अंपायर दोन होते. बेसजवळचा बॉब एम्सली फटका चुकवताना खाली पडला होता, त्याला काही दिसलंच नव्हतं. त्यानं प्लेटमागच्या हँक ओ’डेला विचारलं, ओ’डेनं मर्कलला बाद दिलं. मैदानात गर्दी, त्यात अंधार पडत चाललेला. सामना बरोबरीत सोडला.

आणि मागचे सामने चाळल्याशिवाय मत देऊ नका. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये याच एव्हर्सनं वॉरन गिलविरुद्ध हेच अपील केलं होतं. ओ’डे तेव्हा एकटाच होता, त्यानं पाहिलं नव्हतं, म्हणून अपील फेटाळलं. माझ्या मते १९ दिवसांनी त्याचा एक डोळा दुसऱ्या बेसवरच असणार. शेवटच्या फटक्यानंतर रनरनं तसंच निघून जायची रूढी होती हे खरं, पण अपील आल्यावर रूढी काय कामाची? मीही बादच दिलं असतं.

पुढे काय झालं ते मत ठरल्यावरच बघा. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी निर्णय उचलून धरला. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला, कब्स ४-२ जिंकले आणि एका विजयाच्या फरकानं लीगचं विजेतेपदही घेऊन गेले.