न्हाणीच्या पाण्यावर बाग: गृहसंकुलात कर्दळीचा वाफा कसा करावा

गोव्यातील जुन्या घरांत न्हाणीचे पाणी पन्हळीने थेट माडाच्या किंवा केळीच्या मुळाशी सोडलेले असे. पणजी, म्हापसा, मडगाव येथील अनेक गृहसंकुलांत तेच पाणी आज वाया जाते आणि भर उन्हाळ्यात बागेसाठी टँकर मागवावा लागतो. न्हाणीचे पाणी बागेसाठी शुद्ध करणारा, खडी भरलेला कर्दळीचा वाफा हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, असे माझे मत आहे.

न्हाणीघर व बेसीनची वाहिनी शौचालयाच्या वाहिनीपासून आधी वेगळी करावी. हे काम खर्चिक आहे. परंतु ते टाळायचे असेल तर वाफ्याच्या वाटेला जाऊच नये. वेगळे केलेले पाणी प्रथम लहान टाकीत थांबवावे, म्हणजे गाळ खाली बसतो.

वाफ्यासाठी माणशी सुमारे १ ते २ चौरस मीटर जागा धरावी आणि पाऊस सरल्यावर साधारण ६० सेंटिमीटर खोल खणावे. इथला जांभा (तांबडा दगड) सच्छिद्र असल्यामुळे तळाला व बाजूंना पक्के अस्तर घातले नाही, तर सांडपाणी झिरपून शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. वाफ्यात धुतलेली खडी भरून कर्दळ आणि पाणकणीस लावावे. बाहेर पडणाऱ्या नळीची उंची अशी ठेवावी की पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटिमीटर राहील. खडीत बोटे खुपसली असता वरचा थर कोरडा आणि खाली ओल लागली पाहिजे. पाणी उघडे दिसू लागले की डास आलेच.

खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातील घाण पचवतात, तर नत्र आणि स्फुरद यांचा काही भाग झाडे शोषून घेतात. म्हणूनच कर्दळ वेळोवेळी छाटून, ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून, ते खत माडांना घालावे. छाटणी फेकून दिली तर अर्धे काम वाया गेले.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. त्यामुळे वाफ्याची कड वीतभर उंच ठेवावी आणि छपराचे पाणी त्यात मुळीच येऊ देऊ नये. शुद्ध झालेले पाणी झाडांच्या मुळाशीच द्यावे, कच्च्या खायच्या पालेभाजीवर शिंपडू नये. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर या वाहिनीत जाणार नाही, याची रहिवाशांना आणि सफाई कामगारांना स्पष्ट कल्पना द्यावी.