हिलिगायनॉन कविता मराठीत आणताना

मागदालेना हालान्दोनी (१८९१–१९७८) फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळ हारो इथे जन्मल्या. स्पॅनिश, इंग्रजी आणि टागालोगच्या गराड्यात त्यांनी हिलिगायनॉन या तिथल्या स्थानिक भाषेत कविता, नाटकं, कादंबऱ्या लिहिल्या. असं लेखन मराठीत आणायचं असेल तर शक्यतो इंग्रजी अनुवादावर विसंबू नका. इंग्रजीत जे गळून पडतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मराठीत नेमका शब्द आहे.

आधी वर्णलेखन सरळ करून घ्या. जुनी छपाई स्पॅनिश वळणाची असते. त्यांच्या १९०७च्या पहिल्या कादंबरीचं नाव ‘आंग मंगा तुनोक सांग इसा का बुलाक’, म्हणजे एका फुलाचे काटे. त्यातला प्रत्येक ‘क’ तेव्हा ‘सी’ने छापला होता, आज तो ‘के’ने लिहितात. ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी हाच ‘क’ ‘क्यू-यू’ने येतो. ‘उ’ आणि ‘ओ’ यांचीही अदलाबदल होते. शब्द कोशात सापडला नाही, तर तो दुर्मीळ आहे असं समजण्याआधी ही तीन रूपं शोधून पाहा.

मग धातू सोडवा. जॉन कॉफमन यांचा १९३०च्या दशकातला कोश जुन्या लेखनासाठी हाताशी ठेवावा. पूर्ण क्रियापद शोधत बसू नका, ‘नाग-’, ‘नागा-’, ‘मागा-’, ‘गिन-’, ‘गिना-’ हे उपसर्ग काढून उरलेलं शोधा. काढलेला उपसर्ग पानाच्या कडेला लिहून ठेवा, कारण क्रिया कुठवर आली ते तोच सांगतो. ‘नाग-’ म्हणजे झालेली, ‘नागा-’ म्हणजे चालू, ‘मागा-’ म्हणजे व्हायची. इथे काळ ठरलेला नसतो, त्यामुळे ‘नागासुलात’चं ‘लिहिते आहे’ करायचं की ‘लिहीत होती’, हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरवा.

टागालोगचा कोश मात्र लांब ठेवा. तिथे ‘बुलाक’ म्हणजे कापूस आणि ‘का’ म्हणजे तू. इथला ‘का’ संख्या आणि नाम यांना नुसता जोडतो, मराठीत त्याला काहीच लागत नाही.

सर्वनामांपाशी घाई नको. ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे ऐकणारा आत आहे की बाहेर, हे तिथे पुसलं जातं. मराठीत ते जसंच्या तसं राहतं. एका कवितेतले सगळे ‘किता’ आणि ‘कामी’ आधी खुणा करून पाहा. कवयित्री मध्येच एकीकडून दुसरीकडे वळली असेल, तर कवितेचा जीव बहुधा तिथेच असतो.

खरी अडचण लिंगाची. ‘सिया’ म्हणजे तो किंवा ती, दोन्ही. ‘मी आलो’ की ‘मी आले’, हेही मूळ कविता सांगत नाही. मूळ मोकळं असेल तर मराठीतही मोकळं ठेवा. ‘मी गेले’ऐवजी ‘मी वाट धरली’, ‘मी विसरले’ऐवजी ‘मला आठवेना’ असं केलं की बोलणाऱ्याचं लिंग झाकलं राहतं. ‘सिया’साठी ‘सखा’ किंवा ‘सखी’ घालू नका, कविता तिथेच बंद होते.

‘आद्लाव’ म्हणजे सूर्यही आणि दिवसही. ‘दिवस मावळला’ म्हणताना आपणही तेच करतो, म्हणून ‘सूर्य’ लिहिण्याआधी ‘दिवस’ बसतो का ते पाहा.

छंदासाठी मूळ ओळ मोठ्याने म्हणून अक्षरं मोजा. बारा भरली, तर सहाव्यानंतर विसावा येतो का ते ऐका. सहा-सहाचे तुकडे मराठी कानाला ओळखीचे आहेत, पण अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी पूर्ण घडण घेऊ नका. ती घेतली की ऐकणाऱ्याला विठ्ठल दिसू लागतो, आणि हारोच्या कवितेत तो नाही. यमक नाही जुळलं तरी चालेल.

छापण्याआधी परवानगी घ्या. फिलिपिन्सच्या आजच्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क टिकतात, म्हणजे हालान्दोनींच्या बाबतीत २०२८ अखेरपर्यंत. इंग्रजी अनुवादाचा आधार घेतला असेल, तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा.