ऊसतोड आणि भटक्या कुटुंबांच्या जन्मनोंदीचे काम कसे करावे

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा मध्य आशियातील असंख्य माणसे आपल्याच घरात राहून बिनदेशाची झाली. फरगाना खोऱ्यात जी केवळ कागदावरची हद्द होती ती दोन देशांची सीमा झाली, उझबेकिस्तानातून किर्गिझस्तानात नांदायला आलेल्या सुनांच्या हाती जुना सोव्हिएत पासपोर्ट तेवढा राहिला, आणि आईलाच कागद नाही म्हणून मुलांची जन्मनोंद अडली. २०१४ पासून किर्गिझस्तानने अशी १३,७०७ माणसे शोधून काढली आणि जुलै २०१९ मध्ये राज्यहीनतेची सर्व ज्ञात प्रकरणे निकाली काढणारा तो जगातील पहिला देश ठरला. या कामातील वकील अझिझबेक अशुरोव यांना त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीतला आपल्या उपयोगाचा भाग असा की, त्यांनी माणसांना कचेरीत बोलावले नाही. फिरती पथकेच दुर्गम वस्त्यांपर्यंत, प्रसंगी घोड्यावरून, गेली.

बीड, जालना किंवा परभणीतील ज्या कुटुंबांकडे कागद नाहीत ती राज्यहीन नाहीत, हे आधी स्पष्ट असू द्यावे आणि वस्तीवर कोणाला भीती घालू नये. मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांना जन्मस्थान जवळपास पुरेसे होते. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. म्हणून काम मुलापासून नव्हे, आईपासून सुरू करावे. तिच्या आधारकार्डावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे आणि दवाखान्याच्या कार्डावर तिसरेच, असा प्रकार नेहमीचा आहे, आणि तो आधी सरळ केला नाही तर मुलाचा अर्ज तिथेच अडकतो.

पाहणीसाठी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावी परतल्यानंतरचा, म्हणजे पाडव्यानंतर दसऱ्यापर्यंतचा काळ धरावा. प्रत्येक मुलामागे जन्म कोठे झाला हे विचारावे, कारण जन्माची नोंद जिथे जन्म झाला त्याच हद्दीत होते. सांगलीकडच्या फडावर कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, झालेल्या बाळाची नोंद बीडमधील पाटोद्याच्या ग्रामपंचायतीला करता येत नाही. आईला त्या गावाचे नाव पुष्कळदा आठवत नाही, पण कारखाना आणि टोळी नेणारा मुकादम आठवतो. मुकादमाच्या वहीत कोणत्या हंगामात कोणत्या कोयत्याला, म्हणजे तोडीच्या जोडप्याला, किती उचल (आगाऊ रक्कम) दिली हे लिहिलेले असते. ती वही पुरावा म्हणून चालेलच असे नाही, परंतु साल आणि कारखाना कळला की गाव सापडते. मुकादमाशी गोडीत राहावे. या कामात त्याच्या रागाचा तोटा कुटुंबालाच होतो.

टोळी निघण्यापूर्वी गरोदर बाईच्या घरी एवढे पक्के सांगावे की दवाखान्यात जन्म झाल्यास माहिती दवाखाना कळवतो, कोपीत झाल्यास ती कुटुंबप्रमुखाने तिथल्या निबंधकाला द्यायची असते. मुदत २१ दिवसांची आहे. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षापर्यंत लेखी परवानगीने नोंद होते. वर्ष उलटल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच आधार धरला जातो, त्यामुळे पुढे बघू म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

उशिराच्या अर्जाला जन्मगावच्या ग्रामपंचायतीचे नोंद नसल्याचे प्रमाणपत्र, माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीची नोंद किंवा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. तारीख अंदाजाने घालू नये, आणि आई अठराच्या आतली असल्यास तिचे वय वाढवून तर मुळीच लिहू नये. अशी कुटुंबे बालविवाहाचा गुन्हा होईल या भीतीने नोंदच टाळतात. त्यांना एजंटाच्या हाती न सोडता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे, जिथे स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पालावरच्या पारधी, मसणजोगी किंवा वैदू कुटुंबात ज्येष्ठांचा माग अधिक कठीण जातो. तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचे कोतवाल बुक, मागावे. १९४८ पूर्वीचे निजामी कागद बहुधा उर्दूत असल्याने, ते वाचणारा एखादा म्हातारा शिक्षक सोबत असलेला बरा.

इतकी जमवाजमव झाल्यावर शिबिर वस्तीवरच घ्यावे. ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, नोटरी आणि झेरॉक्सचे यंत्र एकाच दिवशी, शक्यतो आठवडी बाजाराचा वार टाळून आणावे, म्हणजे मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे पडत नाहीत. दाखला हाती येताच आईचे नाव आणि जन्मतारीख तिथेच मोठ्याने वाचून दाखवावी आणि चूक असल्यास त्याच टेबलावर दुरुस्तीचा अर्ज द्यावा. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते.