कुत्र्याचं पिल्लू घरी एकटं मोकळं ठेवताय? आधी बेदाणे वर ठेवा

सांगली-तासगावकडं घरात बेदाण्याचा डबा असतोच, तर पिल्लू मोकळं सोडून जायच्या आधी तो डबा वरच्या फळीवर गेला पाहिजे, कारण द्राक्षं-बेदाणे थोडे जरी पोटात गेले तरी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, खाल्लेच तर वाट बघू नका लगेच जनावरांचे डॉक्टर गाठा. चार्जरच्या वायरी, चपला उचला, एकच खोली द्या. निघायच्या आधी चांगलं फिरवून आणा. तोंडात पूर्ण मावणार नाही असं पोकळ रबरी खेळणं घ्या, त्यात बिनसाखरेचं दही आणि भात कोंबून रात्रभर फ्रीजरला टाका, जाताना द्या, चाटत बसतंय बघा निवांत. आणि सुरुवात ५-१० मिनिटांपासूनच करा हां, एकदम दिवसभर सोडू नका बिचाऱ्याला.