स्लो कुकरमध्ये मटण-राजम्याचा रस्सा

सकाळी ठाण्याहून लोकल पकडण्याआधी कुकर लावला, की संध्याकाळी घरी आल्यावर चार-पाच जणांना पुरेल असा दाट रस्सा तयार असतो. बटाटा-गाजर तळाशी, त्यावर 1 किलो हाडांसकट मटण. कंद मटणापेक्षा उशिरा शिजतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र कढईत परतूनच घाला, मंद आचेवर त्याचा कच्चेपणा जात नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. ‘लो’वर 8 तास, आणि मधे झाकण उघडायचं नाही.

राजम्याचं तेवढं अगदी मनावर घ्या. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात 30 मिनिटं खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये घाला. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन स्लो कुकरच्या कमी तापमानाला नष्ट होईलच असं नाही आणि मग उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मुलं असतील तर ही पायरी गाळूच नका.

फ्रीजरमधलं गोठलेलं मटणही थेट टाकू नका. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा. कोकमं शेवटी घाला, आंबटामुळे राजमा लवकर मऊ होत नाही.